काळी चारचा तंबोरा

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूवर इतका संतापला, की त्याने हातातली कानस फरशीवर आपटली. कारागीर आपले हत्यार असे आपटत नाही. दुकानात बसलेली दोन गिऱ्हाइके चपापून गप्प झाली. वृद्ध मात्र शांतपणे म्हणाले, "उचल ती. दाते बघून जागेवर ठेव आणि इकडे येऊन बस."

संतापाचे कारण ऐकले, तर आपल्यातले निम्मे लोक त्या शिष्याचीच बाजू घेतील.

ते वृद्ध तंबोरे घडवीत. नदीकाठच्या एका लहान गावात त्यांचे दुकान होते. पुढे सतरंजी टाकलेली बैठक आणि मागे कामाची खोली. शिष्य सहा वर्षांपासून त्यांच्या हाताखाली होता. भोपळा कापणे, दांडी बसवणे हे सारे त्याला आले होते आणि आता तो या विद्येतल्या सर्वांत नाजूक कामापाशी पोहोचला होता. तंबोऱ्याच्या तारा ज्या लाकडी बैठकीवर टेकतात, तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीने घासून त्याला असा उतार द्यायचा, की तार छेडल्यावर सूर नुसता वाजून विझत नाही, गुंजत राहतो. हीच जवारी. एक हात कमी घासले तर सूर मुका राहतो, आणि एक हात जास्त घासले तर घोडी फुकट जाते. घासलेले लाकूड परत चिकटवता येत नाही.

शिष्याला या कामात विलक्षण गती होती, हे गुरूंनाही मान्य होते. पण त्याला सलग एक तास काही मिळत नसे. भजनी मंडळाचे अध्यक्ष एका तारेसाठी यायचे आणि कांद्याच्या रोपांवर अर्धा तास बोलायचे. गाण्याचे मास्तर सैल झालेली खुंटी दाखवायला यायचे आणि मुलीच्या सासरच्या मंडळींची उणीदुणी काढायचे. आणि वृद्ध काय करीत? "मग? पुढं काय झालं?" असे विचारून त्यांना आणखी बोलते करीत. तेवढ्यावर भागत नसे. ते आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारीत, "अरे, ठेव ते आणि बाहेर येऊन बस जरा."

शिष्य बाहेर येऊन बसे. अंगावर लाकडाचा भुसा, कपाळावर आठ्या, आणि डोके आतल्या घोडीपाशी. समोरचा माणूस कांद्याला यंदा करपा पडल्याचे सांगत असे आणि शिष्य मनातल्या मनात त्याला दाराबाहेर काढत असे.

त्या दिवशी मात्र मनातले ओठांवर आले. कानस आपटून तो म्हणाला, "गुरुजी, मी इथे कला शिकायला आलोय. दुकानदारी शिकायला नाही! सहा वर्षांत मी जेवढे सूर ऐकले नाहीत, तेवढी कांद्याची रोपं ऐकली. जवारीला हात लावला रे लावला, की तुमची हाक. चहा ठेव, तार मोजून दे, यांच्याशी बोल, त्यांच्याशी बोल. बोलणाऱ्याला तंबोरा घ्यायचाही नसतो! मला आठ दिवस द्या. फक्त आठ दिवस कोणी हाक मारू नका. मग बघा मी काय करून दाखवतो."

कलेच्या विद्यार्थ्याच्या तोंडी हे बोलणे आले, की आपल्याकडे त्याचे कौतुक होते. कलावंत म्हटला की तो व्यवहारात अडाणी आणि माणसांना वैतागलेलाच असायला हवा, असे कुणीतरी कधीतरी ठरवून टाकले आहे. शिकवणारेही तेच शिकवतात आणि त्यात काही बिघडले आहे असे कुणाला वाटत नाही.

वृद्धांनी मात्र कौतुकही केले नाही आणि ते रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "घे आठ दिवस. मला नाहीतरी भोपळे बघायला पलीकडच्या गावांत जायचंय. भिंतीवर तो नवा तंबोरा आहे, बाईंचा. पुढच्या रविवारी त्यांच्या गुरूंची पुण्यतिथी आहे, त्या कार्यक्रमात त्यांना तो हवाय. फक्त जवारी राहिली आहे, ती तू कर. हा तंबोरा तुझ्या हातचा म्हणून जाऊ दे. मी हाक मारणार नाही. पण दाराला कडी मी घालत नाही, तेवढं लक्षात ठेव."

शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढले. ज्या बाईंचा तो तंबोरा होता, त्यांचे नाव त्या भागातल्या गाणे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांनी दोन वर्षांपूर्वी मागणी नोंदवली होती. मग मध्येच त्यांचे गाणे कुठे ऐकू येईनासे झाले आणि निरोपही येईना. मागच्या महिन्यात अचानक चार ओळींचे पत्र आले, की तंबोरा पुण्यतिथीच्या कार्यक्रमाला हवा आहे. मागणीच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते, 'काळी चार'. म्हणजे बाई पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात गात होत्या आणि तंबोरा त्या सुराला जुळवायचा होता.

गुरू गेले आणि शिष्याने पहिले काम केले ते दाराला कडी घालण्याचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजले. त्याने दुर्लक्ष केले. पुन्हा वाजले. तो चरफडत उठला आणि त्याने दार वीतभर उघडले. बाहेर साध्या सुती साडीतल्या एक मध्यमवयीन बाई उभ्या होत्या. हातात प्रवासाची पिशवी होती.

"गुरुजी आहेत का?"

"नाहीत. मंगळवारी येतील."

"असं होय." त्या थांबल्या. "माझा तंबोरा... काळी चारचा. त्याबद्दल जरा बोलायचं होतं."

"सगळं वहीत लिहिलेलं आहे बाई. जवारी चालू आहे. पुढच्या गुरुवारी न्यायला या."

बाई गेल्या नाहीत. इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, "तुमच्या अंगणातली कण्हेर काय सुरेख फुललीये. आमच्याकडं लावली होती, जगलीच नाही. पाणी जास्त झालं की काय कोण जाणे."

आता कण्हेर! शिष्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आत तारा उतरवलेली घोडी वाट पाहत होती आणि बाहेर बाग सुरू झाली होती. "बाई, तुमचंच काम चाललंय आत," तो म्हणाला. "मला ते करू द्या." आणि त्याने दार लावून घेतले.

पुढचे पाच दिवस त्याने जे काम केले, ते खरोखर असामान्य होते. मंगळवारी वृद्ध परतले, तेव्हा त्याने काही न बोलता तंबोरा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चारही तारा एकामागून एक छेडल्या आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"अशी जवारी माझ्या हातून आयुष्यात दोनदा उतरली असेल," ते म्हणाले. ते खोटे बोलणारे नव्हते. शिष्याचे डोळे भरून आले.

"कोणी येऊन गेलं का?"

"विशेष कोणी नाही. त्या बाईच आल्या होत्या एकदा. काही काम नव्हतं, कण्हेरीबद्दल बोलत होत्या."

वृद्धांचा तारांवरचा हात थांबला. "आवाज कसा होता?"

"कोणाचा?"

"बाईंचा."

शिष्य गोंधळला. "बाईमाणसाचा असतो तसा. मी काही लक्ष नाही दिलं."

"त्या तुझ्याशी बोलल्या आणि तू त्यांचा आवाज ऐकला नाहीस?"

हा प्रश्न शिष्याला अजिबात कळला नाही. उलट एवढ्या मोठ्या कौतुकानंतर हे काय खुसपट, असे त्याला वाटले.

गुरुवारी बाई आल्या. सतरंजीवर बसून त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, तारा छेडल्या आणि त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी सा लावायला तोंड उघडले. आवाज त्या सुरापर्यंत पोहोचलाच नाही. निम्म्या वाटेवर तो फाटला, त्यातून नुसती हवा बाहेर आली, आणि त्यांनी पटकन पदर तोंडाशी नेला.

जरा वेळाने बाई हळू आवाजात म्हणाल्या, "जरा खाली घेता का?"

शिष्याने खुंट्या सैल केल्या. सूर खाली उतरला आणि ती असामान्य जवारी बिघडली. ढिल्या तारा घोडीच्या माथ्यावर आपटून खरखरू लागल्या. त्याच्या पाच दिवसांच्या कामाचे असे मातेरे होताना पाहून शिष्याला राहवले नाही. "बाई, हा काळी चारचाच तंबोरा आहे," तो तावातावाने म्हणाला. "वहीत तुम्हीच तसं लिहून दिलंय. त्यासाठी केलेली जवारी इतक्या खाली कशी चालेल? यात माझं काय चुकलं?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. त्या तंबोरा ठेवून उठणार, तोच वृद्धांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. त्यांनी जाऊन पुढचे दार आतून लावून घेतले, परत येऊन शिष्याला बाईंच्या अगदी समोर बसवले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, आता याला बोला. आत असेल नसेल ते सगळं बोला, भीड ठेवू नका. आणि तू रे, खाली बघायचं नाही. उत्तर द्यायचं नाही. फक्त ऐकायचं."

बाई संकोचल्या. "नाही हो, त्यांचा काय दोष..."

"दोष आहे. बोला."

"काय बोलू? मी आले होते, तुम्ही दार लावलंत. एवढंच ना." त्या थांबल्या. मग जे आत दाबून ठेवले होते, ते उसळून वर आले. "एवढंच नाही! दोन वर्षं मी बोलले नाही, माहीत आहे तुम्हाला? घशाची शस्त्रक्रिया झाली. मीठ संपलं, दूध आलं, हे मी पाटीवर लिहून सांगायची. डॉक्टर म्हणाले, बोलाल, पण गाण्याचं विसरा. मागच्या महिन्यात एक दिवस भांडी घासताना सा लागला. खाली, पार खाली, पण लागला! घरात कुणाला सांगितलं नाही मी. सांगितलं तर पुन्हा जाईल अशी भीती. मग ठरवलं, तंबोरा करणाऱ्याला तरी सांगायलाच हवं. दोन गाड्या बदलून आले. आणि तुम्ही मला काय सांगितलंत? वहीत लिहिलंय! अहो, रविवारी तुमची वही गाणार आहे का?"

शिष्याचे कान तापले. मला काय स्वप्न पडले होते का, असे त्याच्या मनात आले. तुम्ही सरळ सांगायचे होते, असेही आले.

ते जणू ऐकूच आल्यासारख्या बाई म्हणाल्या, "म्हणाल, सरळ का नाही सांगितलं. 'माझा आवाज गेला' हे दाराच्या फटीतून कुणा परक्याला सांगता येतं का? तुम्हाला आलं असतं सांगता? कण्हेरीचं बोलले, कारण मला धीर यायला चार वाक्यं लागतात. चार वाक्यं! तेवढीसुद्धा तुमच्याकडं नव्हती. माझ्यासाठी जवारी करत होता म्हणे. माझ्यासाठी कुठं? तुमच्यासाठी करत होता तुम्ही ती!"

हे शेवटचे वाक्य शिष्याच्या वर्मी लागले. तेव्हाच त्याच्या मनातला आवाज थांबून समोरचा आवाज त्याला प्रथम ऐकू आला. बाई बोलत होत्या. त्यांचा सूर रागाने चढत होता, थरथरत होता, पण प्रत्येक वाक्य संपताना तो एकाच ठिकाणी येऊन टेकत होता. पुन्हा पुन्हा, त्याच ठिकाणी. तिथे तो फाटत नव्हता. तिथे तो भरीव होता, काहीसा खरबरीत, पण पुरा.

कोणी न सांगता शिष्याने हात लांबवला. भिंतीला टेकलेला एक जुना तंबोरा ओढून त्याने एका तारेची खुंटी हळूहळू फिरवली. बाई अजून बोलतच होत्या. त्याने तार छेडली. त्यांचे वाक्य आणि ती तार एकाच सुरावर येऊन थांबली.

बाई गप्प झाल्या.

"पांढरी तीन," शिष्य म्हणाला. "बाई, तुम्ही पांढरी तीनला आहात. एकदा इथं लावून बघता का?"

बाईंनी सा लावला. पहिल्यांदा घाबरत आणि मग सरळ. तो लागला आणि टिकला.

वृद्धांनी दार उघडले आणि खाली बसत ते म्हणाले, "कळलं आता? मला कांद्याच्या रोपांत रस आहे, असं वाटत होतं ना तुला? ते अध्यक्ष बोलायला लागले की त्यांचा आवाज यंदा किती बसलाय ते मी ऐकतो आणि तार त्याप्रमाणे देतो. माणसाला काय हवंय, ते पहिल्या वाक्यात कधीच येत नाही. पुष्कळदा ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं. त्याला बसवायचं, बोलतं करायचं, त्याचं काम नक्की काय आहे ते ओळखायचं, याला तू दुकानदारी म्हणून नाक मुरडलंस. लाकूड आतल्या खोलीत असतं, पण त्याचं माप या दारातून येतं. तू मापच हाकलून दिलंस आणि कपडा मात्र झकास शिवलास."

शिष्य मान डोलावून पाया पडेल, असे आपल्याला वाटेल. तो पाया पडला नाही. तो पुन्हा उसळला, आणि या खेपेस त्याचे खरे होते. "मग हे सहा वर्षांत सांगितलं का नाही, गुरुजी? 'बाहेर येऊन बस' एवढंच म्हणायचात. तिथं बसून काय ऐकायचं, ते एकदा तरी सांगितलंत? आणि तुमची हाक यायची ती नेमकी कानस फिरत असताना. दोन घोड्या मी त्या हाकेनं दचकून घालवल्यात!"

वृद्धांच्या गुरूनेही त्यांना हे सांगितले नव्हते. आठ वर्षे ते असेच धुमसत बसले होते आणि मग एक दिवस त्यांचे त्यांना उमगले होते.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "आपण जे सोसलं ते पुढच्यानेही सोसावं, याला शिकवणं म्हणत नाहीत. माझ्या चुकीची झळ या बाईंना बसली. उद्यापासून सकाळी दहापर्यंत दार बंद. कोणीही येवो, तेवढा वेळ कानशीचा. दहानंतर तू बाहेर, माझ्या शेजारी, आणि माणूस गेला की त्याच्या आवाजात काय ऐकलं ते मला सांगायचं. चुकलास तर मी सांगेन."

"तुमचं गुरु-शिष्याचं मागाहून मिटवा," बाई म्हणाल्या. "माझा रविवार आहे."

दोघेही ओशाळून कामाला लागले. खालच्या सुरासाठी जाड तारा बाहेर काढल्या. ती असामान्य घोडी उतरवून शिष्याने नवे लाकूड पुढे घेतले. बाई गावातल्या कुण्या नातेवाइकांकडे उतरणार होत्या. निघताना त्या दारात थांबून म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाही बरं."

"घालवू नका," शिष्य म्हणाला. "उद्या दहाला या आणि पुन्हा बोला. मला शनिवारपर्यंत तो आवाज लागणार आहे."

त्या आल्या. शुक्रवारी आल्या, शनिवारी आल्या, रागावलेल्याच आल्या. बोलता बोलता शस्त्रक्रियेवरून माहेरावर आणि माहेरावरून जावेवर गेल्या. मध्ये तार घ्यायला एकजण येऊन बसला आणि तोही त्या गप्पांत ओढला गेला. शिष्य तारा चढवत होता, ऐकत होता, उतरवत होता. जवारी आधीच्याइतकी मोहक झाली नाही. तिच्यात बाईंच्या आवाजासारखी किंचित खरखर राहिली आणि ती त्याने मुद्दाम राहू दिली.

रविवारी कार्यक्रमात तो गुरूंबरोबर मागे बसला. बाईंनी तंबोरा मांडीशी घेतला आणि पहिला सा लावला. त्यांचा जुना, चढा आवाज ज्यांच्या लक्षात होता, ते पुढच्या रांगेतले श्रोते एकमेकांकडे पाहू लागले. बाईंनी ते पाहिले आणि दुसरा सा पहिल्याहून मोठा लावला. मग कोणी इकडेतिकडे पाहिले नाही.

आपल्या हातची जवारी कशी बोलते आहे, ते ऐकायला शिष्याने कान टवकारले. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, पण बाईंच्या आवाजातून ती त्याला वेगळी काढताच येईना. कुठे तार संपते आणि कुठे बाई सुरू होतात, ते कळत नव्हते. थोड्या वेळाने त्याने तो नाद सोडला आणि गाणे ऐकत बसला.